या घराचा धनी आजारी पाहिजे

१८ डिसेंबर २००५, रविवार

झगे धुवायचे तर धुवीन, पण त्यासाठी माझ्या पट्ट्या दोरीवरून काढून मातीत टाकायच्या, ही कुठली रीत? सकाळपासून हंड्यात उकळून, पिळून, झटकून एकेक वाळत घातली होती. दुपारी येऊन बघते तर दोरीवर सरदार लोकांचे पांढरे झगे, छातीवर हिरवा क्रूस, आणि माझ्या पट्ट्या पपईच्या बुडाशी. कोंबड्या त्यावरून चालतायत. मातीची पट्टी जखमेवर गेली की किडे पडतात. तुस्कानोसाहेबांच्या ड्रायव्हरला विचारलं, हात मोडले होते का रे बाजूला ठेवायला? तो म्हणतो, "हात नाय लावला. काठीनं काढल्या." काठीनं! उकळलेल्या पट्ट्या!

सगळं पुन्हा उकळलं. लाकूड गेलं, दिवस गेला. आणि झग्यांना नीळ जास्त झाली म्हणून बोलणी मलाच.

हे सरदार नाटकातले नाय. संत मार्थाचे सरदार म्हणतात त्यांना. सातशे वर्षांमागे परदेशात घोड्यावरून लढायचे आणि महारोग झालेल्यांचे दवाखाने चालवायचे. मंग ते सगळं बंद पडलं. आता एका गोऱ्या राजाने ते पुन्हा चालू केलं आहे, आणि वसईचे तुस्कानोसाहेब इकडचे मुख्य झालेत. मुरबाडच्या रस्त्यावरचा हा आमचा आश्रम आधी मिशनचा होता. मिशनची माणसं म्हातारी झाली, तेव्हा गेल्या वर्षी सरदारांनी घेतला. सरदार आल्यापासून झगे आले आणि डाळ पातळ झाली.

२१ डिसेंबर

पट्ट्या गुंडाळायला सिस्टर फिलोमिना आमच्यात येऊन बसतात. मी त्यांना म्हटलं, हे तुमचे सरदार खरे का खोटे?

सिस्टर म्हणाल्या, जुने खरे होते. एखाद्या सरदाराला महारोग झाला की बाकीचे त्याला बाहेर काढायचे. तो मार्थाच्या सरदारांकडे यायचा. ते त्याची तलवार काढून घ्यायचे नाय, त्याला खोली द्यायचे, घोडा द्यायचे. आणि त्या घराचा धनी आजारीच पाहिजे असा नियम. चांगल्या अंगाच्या माणसाला धनी होता यायचं नाय.

"असं का?"

"चांगल्या अंगाचा माणूस कधीतरी दार लावून घेईल, याची भीती असेल," सिस्टर म्हणाल्या.

चांगो तिकडून ओरडला, "अरे बापरे! म्हंजे मी तिकडं जन्मलो असतो तर राजा झालो असतो! इकडं जन्मलो तर कल्यानच्या पुलावर वाटी घेऊन बसलो." चांगो भिवंडीकडचा आगरी. दोन्ही हातांना बोटं नाय पण तोंड शाबूत आहे. ठमी म्हणाली, "राजा झाला असतास तरी तुझं पाय मीच धुतलं असतं काय मेल्या?" सगळे हसले. सिस्टर पण हसल्या.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे जोड्यांनी पाय बघितले. आमच्या तळपायाला काही कळत नाय, काटा गेला तरी आणि निखारा लागला तरी. आपला तळवा आपल्याला दिसत नाय, म्हणून दुसऱ्याने बघायचा. इथं प्रत्येकाची जोडी आहे. माझी ठमीशी. ती डोळखांबकडच्या पाड्यावरची, मी खर्डीची. नवऱ्याबरोबर जितकी वर्षं काढली त्याच्या चौपट ठमीचे पाय बघण्यात गेली. आज तिच्या टाचेला बारीक भेग होती. तेल लावून बांधली. ती म्हणते, "तुझा हात जड आहे वच्छे." तुला काय कळतं गो, म्हटलं.

६ जानेवारी २००६

आज सोहळा झाला. लिहायचं नाय असं ठरवलं होतं, पण झोप येत नाय.

तुस्कानोसाहेब गेल्या आठवड्यात म्हणाले, "वत्सलाबाई, आजाऱ्यांपैकी एकाला सरदार करायचंय. तुम्ही स्वच्छ दिसता, तुम्ही या." मी म्हटलं, मी बौद्ध आहे. म्हणाले, चालतं, फोटोत दिसत नाही. सिस्टर म्हणाल्या, तुला धर्म सोडायला कोणी सांगत नाही गं. पण गुडघे टेकायचे होते. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली. आमाला अक्षरं शिकवायच्या आधी एकच शिकवलं, कुणाच्या पाया पडायचं नाय. दोन दिवस जेवण गेलं नाय मला. मंग विचार केला, एकदा वाकले तर या घराला नवं छप्पर मिळेल. तुस्कानोसाहेब तसं म्हणाले होते. वाकले.

राजा म्हणजे साधाच म्हातारा. उंच, वाकलेला, हात खरखरीत. बुटाला चिकटपट्टी लावलेली. तुस्कानोसाहेब सांगत होते, यांच्या पणजोबाचं राज्य होतं. राजा असून इतका साधा राहतो, हे मला आवडलं. त्याने तलवार माझ्या एका खांद्यावर ठेवली, मंग दुसऱ्या. डाव्या खांद्याला मला कळली नाय. त्याचे डोळे भरले होते. काय काय बोलला. तुस्कानोसाहेबांनी मराठीत सांगितलं, "आजपासून हे घर तुझं आणि तू या घराची. तुला इथून कोणी काढणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना पंजे नाय त्यांनी मनगटं वाजवली.

नंतर सरदारांनी जेवण बाहेर तंबूत घेतलं. आमचं आत आलं. पण राजा आत आला आणि चांगोच्या बाजूला पाटावर बसून वरणभात खाल्ला. चांगो मला म्हणतो, "सरदारीणबाय, महाराजांना लिंबू वाढा."

२२ जानेवारी

मोजणीवाले आले. पार नदीपर्यंत फीत टाकली, चुन्याच्या रेघा मारल्या. छप्पराचं काम सुरू होणार वाटतं. त्यांच्याबरोबर मुंबईची दोन जोडपी होती, गॉगल लावलेली. मी चहा केला. कोणी घेतला नाय, उपास असेल. एक बाई चांगल्या बोलल्या. विचारत होत्या, पावसात इथे धुकं येतं का? झरा कुठे आहे? रात्री आवाज असतो का? मी सगळं खरं खरं सांगितलं, धुकं फार, झरा खळखळतो, आवाज काडीचा नाय. आजाऱ्यांना ओल बाधेल याची काळजी करतायत म्हणजे माणसं बरी आहेत.

३१ जानेवारी

छप्पर नाय. काहीच नाय.

तुस्कानोसाहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. म्हणाले, आनंदाची बातमी आहे. सरकारने सांगितलंय, देशातला कुष्ठरोग संपला. मार्थाच्या सरदारांचं सातशे वर्षांचं काम पूर्ण झालं. आता इथे सरदारांसाठी प्रार्थनेचं आणि विश्रांतीचं केंद्र होणार. तुम्ही सगळे बरे झालात, आपापल्या घरी जा. एकतीस मार्चपर्यंत वेळ आहे.

मंग चांगो उठला. दोन्ही मनगटं वर केली आणि म्हणाला, "संपला? साहेब, मंग ही बोटं कवा येणार?"

साहेब म्हणाले, "चेष्टा नको."

"चेष्टा तुमी करताव," चांगो म्हणाला. आज तो हसत नव्हता.

मी उठले. म्हटलं, मला तलवार लावून सांगितलंत ना, तुला इथून कोणी काढणार नाही? ते म्हणाले, "वत्सलाबाई, ते शब्द प्राचीन आहेत. मनात ठेवायचे असतात." मनात छप्पर आहे का, विचारलं. मनात दोन वेळचा भात शिजतो का? सिस्टरनी मला खाली बसवलं.

जंतू मेला ते मला माहीत आहे. गोळ्या खाऊन वीस वर्षं झाली. पण जंतू बोटं घेऊन गेला ती परत देऊन गेला नाय. आणि घरी म्हणजे कुठे?

५ फेब्रुवारी, रविवार

माझा पोरगा रत्नदीप आला. वाशिंदला फॅक्टरीत आहे, शिफ्ट असते, तरी निरोप मिळाला तसा आला. नेहमीप्रमाणे गेटजवळ जांभळाखाली मोटारसायकल लावली आणि तिथेच बसला. केळी, वेफर आणले. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, जमिनीवर काडीने रेघा मारत होता.

"आई, घराला रंग काढलाय सध्या. बघू."

रंगाचा वास वाईटच, डोकं धरतं. खरं आहे. मी म्हटलं, रंग वाळेपर्यंत मी थांबते. तो म्हणाला, "संध्याच्या माहेरचे येऊन जाऊन असतात गो आई. जागा पुरत नाय."

नव्या घराच्या वेळचा फोटो दाखवला. त्याची पोरगी मोठी झाली, नाक माझं आहे. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हार घातलेला. त्याच्या बाजूला माझा फोटो, लग्नाच्या वेळचा, मोठा करून लावलाय. त्यालाही हार आहे. बाबासाहेबांच्या शेजारी जागा दिली आईला. त्याने फोटो पटकन आत घातला.

केळी ठमीला दिली.

७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाय.

१२ फेब्रुवारी

ठमीला नेलं. तिचा भाचा काळू जीप घेऊन आला. सोबत बायको. साहेबांचा माणूस दोनदा पाड्यावर जाऊन आला होता म्हणे, पोलीसपाटलाला पण सांगितलं होतं. ठमी जायला तयार नव्हती. मी पण तयार नव्हते. पण काळू म्हणाला, मावशीला सांभाळतो, तर आपण कोण नाय म्हणणारे.

मी त्याच्या बायकोला बसवलं आणि दाखवलं, हे बघ, संध्याकाळी पाय असे भिजत घालायचे, दगडाने असं घासायचं, तेल लावायचं, बोटांच्या बेचक्यात बघायचं, रोज बघायचं. ती उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहून मान डोलावत होती. मी म्हटलं, जवळ ये, तिथून काय दिसणार तुला? ती म्हणाली, "दिसतं." पदर नाकाला लावून.

ठमी जीपमध्ये चढताना म्हणाली, "आता तुझं पाय कोण बघल?" मी म्हटलं, माझी नको काळजी करू, मी आरसा ठेवीन खाली. आरशात दिसत नाय. ती गेल्यावर करून बघितलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज आमी उरलेल्यांनी हॉलमध्ये बसून ठरवलं. जुना नियम आहे तर आहे. घराचा धनी आजारी पाहिजे. माझं नाव चांगोने सांगितलं, बाकीचे हो म्हणाले. कपाटात धुतलेले झगे होतेच. एक मी घातला. पायात आला, खाली दुमडून टाके घातले.

तुस्कानोसाहेब दुपारी आले. मला झग्यात बघून आधी हसले, मंग हसणं गेलं. मी म्हटलं, साहेब, आजपासून या घराची धनी मी. तुमचाच नियम आहे. चुन्याच्या रेघा पुसा, ठमीला परत आणा.

साहेब म्हणाले, "असं नाही होत बाई. ते नियम तेव्हाचे. आपण परंपरा पुन्हा सुरू केली, म्हणजे सगळीच नाही घेतली."

"काय काय घेतलीत?"

"क्रूस घेतला. झगा, तलवार, शपथ. प्रार्थना घेतल्या."

"आणि आजारी धनी?"

"तो नाही घेतला."

मी म्हटलं, जे अंगावर घालता येतं तेवढं घेतलंत. ज्यात अंग झिजवायला लागतं ते सोडलंत.

साहेबांचा चेहरा लाल झाला. वाईट माणूस नाय तो. खालच्या आवाजात म्हणाला, "वत्सलाबाई, मी एकटा नाही ठरवत. राजेसाहेबांच्या सहीशिवाय काही होत नाही." आणि झगा काढून द्या म्हणाला. मी दिला नाय.

म्हणजे राजाच्या हातात आहे. बरं झालं कळलं. त्याचे डोळे मी बघितलेत. तो आमच्यात बसून जेवला. त्याला हे माहीत नसणार.

२७ फेब्रुवारी

सकाळी चांगो बिछान्यात नाय. पाणी भरायला आलेली मालू म्हणाली, पहाटेच्या गाडीने गेला, कल्याणला. माझ्यासाठी निरोप ठेवला, "सरदारीणबायला सांग, पुलावर माझी जागा ठरलेली हाय. तिथं महाराज कधी हाकलत नाय, फक्त हवालदार." मालू हसत सांगत होती. मी तिला हाकलून दिलं, मंग हाक मारून बोलावलं, चहा दिला.

चांगोची जोडी म्हातारा गणू होता. तो दिवसभर पाय पुढे करून बसलाय.

५ मार्च, रविवार

डोळखांबला जाऊन आले. ठमीला घेऊन आले. आता जे होईल ते होवो.

एसटीने शहापूर, तिथून जीप, मंग चालत. काळूच्या घरामागे बैलांच्या पडवीत तिला ठेवलीय. पेंढ्यावर गोधडी. मला बघून उठायला गेली तर पडली. डावा पाय फडक्यात बांधला होता. सोडला. रात्री उंदरांनी कुरतडलाय. तिला कळलं नाय. किती रात्री कुरतडला कोण जाणे. आत पांढरं दिसत होतं.

काळूची बायको दारात उभी होती. मी तिच्यावर ओरडले. ती रडायला लागली, म्हणाली, "मला भ्या वाटतं. माझं लेकरू अंगावर पितं." काळू म्हणाला, "मावशी, ताट आमी रोज देत होतो." देत होता. ताट स्वच्छ होतं. मी आणखी काय बोलणार? मला माझ्याच घरात कुणी पडवीसुद्धा दिली नाय.

पाय धुतला, किडे काढले, माझ्या लुगड्याचा पदर फाडून बांधला. जीपवाल्याने आधी घेतलं नाय. मी रस्त्यात आडवी बसले तेव्हा घेतलं. ठमी वाटेत अंग तापून बडबडत होती. म्हणत होती, "वच्छे, तू सरदार झालीस ना, मंग घोडा का नाय आणलास?"

गेटवर नवा पहारेकरी. म्हणाला, गेलेल्या माणसाला आत घ्यायचं नाय, साहेबांची ऑर्डर. मी म्हटलं, मी या घराची धनी. तो म्हणाला, "व्हय का? मी टाटा." आमी दोघी तिथेच बसलो. सिस्टर आल्या, त्यांनी त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि गेट उघडलं. सिस्टरना मी कधी कुणाच्या हातातून काही ओढून घेताना बघितलं नव्हतं.

९ मार्च

शहापूरच्या डॉक्टरने पाय बघितला. गुडघ्याखालून काढायला लागेल म्हणाला. सत्तावीस तारखेला, सोमवारी, तो काढेल. पण आधी विचारलं, नंतर पेशंट झोपणार कुठे? महिना-दीड महिना खाट पाहिजे, रोज पट्टी पाहिजे, बघणारं माणूस पाहिजे. ते नसेल तर मी हात लावणार नाही, पेंढ्यावर टाकलेला कापलेला पाय दोन दिवसांत सडतो. बरोबर बोलला. मी म्हटलं, खाट आहे. तो म्हणाला, एकतीस तारखेनंतर आहे का? तालुक्यात सगळ्यांना तारीख माहीत आहे.

साहेबांचा फोन आला सिस्टरना. ठमीला आत घेतलं म्हणून फार बोलले. सिस्टरना गोव्याला बोलावलंय, विश्रांती म्हणून, पंधरा दिवसांत. मी म्हटलं, बरं झालं, तुमचे गुडघे दुखतात. त्या रडल्या. सुट्टी मिळाली तर माणसाने हसत जावं.

१४ मार्च

सिस्टरनी राजाचा नंबर शोधला. दोघी मुरबाडला जाऊन फोनच्या दुकानात बसलो. मला पण कानाला लावायला दिलं. तिकडे मशीनचा घरघर आवाज, पोरं भांडत होती. एक बाई बोलली. सिस्टर म्हणाल्या, राजेसाहेबांची मुलगी आहे. ते गोदामात रात्रपाळी करून आलेत, झोपलेत, उठले की सांगते. आणि ती हसली म्हणे, सिस्टरनी राजेसाहेब म्हटल्यावर. "बाबांनी पुन्हा कुठे सही केली का?" असं विचारलं तिने.

सिस्टर बाहेर येऊन बाकावर बसल्या. मला तर बरं वाटलं. राजा असून या वयात स्वतः कामाला जातो. पोरगी पण साधी. अशा माणसाला आमचं दुखणं लगेच कळेल. सिस्टर म्हणाल्या, "वत्सला, त्याच्या हातात काही नसेल गं." मी म्हटलं, सही त्याची चालते ना? मंग हातात कसं नाय?

१९ मार्च, रविवार

ठमीचा ताप उतरत नाय. पायाला वास येतोय. ती म्हणते, तोंड फिरवू नको. मी फिरवत नाय.

सिस्टर उद्या पुन्हा फोन लावणार आहेत. म्हणाल्या, काय सांगायचं ते लिहून दे, मी त्यांच्या भाषेत वाचून दाखवीन. म्हणून इथेच लिहिते.

राजेसाहेब, मी वत्सला. ज्या बाईच्या खांद्यावर तुमी तलवार ठेवली ती. एका खांद्याला मला कळली नाय पण दुसऱ्याला कळली, म्हणून ते झालं नाय असं म्हणू नका. मी कुणापुढे वाकत नाय. तुमच्यापुढे वाकले. तुमी म्हणालात, इथून कोणी काढणार नाय, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणी खोटं असतं असं मला वाटत नाय.

एकतीस तारखेला इथे कुलूप लागणार. तुमच्या सहीने लागणार असं साहेब म्हणतात. तुमच्या जुन्या लोकांनी आजारी माणसाला धनी केला होता. मला धनी नका करू. झगा धुऊन, टाके सोडून परत देते. मला कुठेही टाका, मी बघून घेईन. पण ठमीचा पाय सत्तावीसला काढायचा आहे, आणि खाट नसेल तर डॉक्टर काढणार नाय, आणि काढला नाय तर ती एप्रिल बघणार नाय. एक खोली, दोन खाटा, पावसाळ्यापर्यंत. एवढंच विचारते.

हो म्हणायचं असेल तर तुमी साहेबांना सांगा. नाय म्हणायचं असेल तर साहेबांना नका सांगू, सिस्टरना नका सांगू. मला फोनवर बोलावून तुमच्या तोंडाने सांगा. भाषा कळली नाय तरी ‘नाय’ मला कळतं, ते सगळ्या भाषांत ऐकलंय मी.

सत्तावीसच्या सोमवारी सकाळी सातला जीप ठरवलीय. ठमीला त्यात बसवू का नको, ते शनिवारी, पंचवीस तारखेला, दिवेलागणीच्या आत सांगा.